हिब्रू शास्त्रातल्या कथांची वीण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कथा मी बरीच वर्षं लोकांबरोबर मोठ्यानं वाचत आलो आहे. ऐकणाऱ्यांत चर्चला जाणारे असतात, न जाणारे असतात, आणि ‘मला देवाधर्माचं सांगू नका, फक्त गोष्ट सांगा’ म्हणणारेही असतात. प्रश्न मात्र सगळ्यांचे जवळपास तेच निघतात. काही कुतूहलातून, काही चक्क वैतागून. वैतागलेले प्रश्न मला जास्त आवडतात, त्यामुळे तिथली उत्तरं लांबली आहेत. माणसांची नावं मराठी बायबलात रुळलेली तशीच ठेवली आहेत. हिब्रू शब्द कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत.

हिब्रू शास्त्र म्हणजे आपला जुना करारच ना?

प्रोटेस्टंट बायबल डोळ्यांसमोर असेल तर पुस्तकं तीच, मांडणी वेगळी. ज्यू परंपरेत तोरा, नेविईम (संदेष्टे) आणि केतुविम (लेख) असे तीन भाग आहेत. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘तनाख’. तिथे २४ पुस्तकं मोजतात, जुन्या करारात तीच ३९ होतात, कारण शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग पडतात, एज्रा आणि नहेम्या वेगळे होतात, आणि बारा लहान संदेष्टे सुटे मोजले जातात. इथे मी फक्त कथांबद्दल बोलणार आहे. कायदे, वंशावळ्या, स्तोत्रं बाजूला.

एकच गोष्ट दोन-दोनदा, तीन-तीनदा का सांगतात? कंटाळा येतो.

डोळ्यांनी वाचली तर येतो. या कथा कानासाठी आहेत. हिब्रूत ‘वाचणं’ आणि ‘हाक मारणं’ यांना क्रियापद एकच, आणि शास्त्राचं एक नाव ‘मिक्रा’ त्याच धातूतून आलं आहे. आपल्याकडे श्रावणात कहाणी वाचतात तेव्हा ‘उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस’ हे कितव्यांदा आलं म्हणून कुणी कुरकुरत नाही. उलट आजीनं एखादा शब्द बदलला तर मांडीवरचं पोर लगेच अडवतं.

हिब्रू कथाकार नेमका त्या पोराच्या कानावर विसंबून असतो. तो तेच वाक्य पुन्हा म्हणतो आणि एक शब्द हळूच बदलतो.

योसेफ ज्याच्या घरी गुलाम होता त्या पोटीफरच्या बायकोचा प्रसंग बघा (उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा ३९ वा अध्याय). ती योसेफाचं वस्त्र धरते, तो ते सोडून पळतो. निवेदक सांगतो, वस्त्र ‘तिच्या हातात’ राहिलं. पुढच्याच वाक्यात पुन्हा सांगतो, ‘तिच्या हातात’. इतका जोर कशाला, असं वाटतं न वाटतं तोच ती घरच्या माणसांना बोलावते आणि म्हणते, तो वस्त्र ‘माझ्यापाशी’ टाकून पळाला. हातात म्हटलं असतं तर ओढलं कुणी असा प्रश्न आला असता. पाशी म्हटलं की त्यानंच उतरवून ठेवलेलं. एवढ्या एका शब्दावर योसेफ तुरुंगात जातो.

तिथेच आणखी एक. घरच्या माणसांपुढे ती योसेफाला ‘इब्री (म्हणजे हिब्रू) माणूस’ म्हणते आणि ‘आपली’ थट्टा करायला त्याला आणलं, असं सांगून त्यांना आपल्या बाजूला ओढते. नवरा आल्यावर मात्र तोच ‘तुम्ही आणलेला इब्री गुलाम’ होतो. नोकरचाकरांसमोर ‘गुलाम’ हा शब्द काढणं सोयीचं नव्हतं, तेही बिचारे त्याच पायरीवरचे. कथाकार यावर चकार शब्द काढत नाही. तिचं बोलणं दोनदा ऐकवतो आणि गप्प राहतो.

दुसरा नमुना शास्ते १३ मधला. मूल नसलेल्या बाईला देवदूत सांगतो: तुला मुलगा होईल, त्याच्या डोक्याला वस्तरा लागू नये, तो गर्भापासून नाजीर, म्हणजे देवाला वाहिलेला, असेल, आणि पलिष्ट्यांच्या हातून इस्राएलला सोडवायला तो सुरुवात करील. ती घरी येऊन मानोहाला, म्हणजे नवऱ्याला, सगळं सांगते. तिच्या सांगण्यात वस्तरा नाही, सुटकाही नाही, आणि देवदूतानं न म्हटलेले शब्द आहेत: ‘त्याच्या मरणाच्या दिवसापर्यंत’. हा मुलगा म्हणजे शमशोन, आणि तो अजून जन्मायचाही आहे.

‘धागाशब्द’ म्हणजे काय?

एकाच धातूचा शब्द एखाद्या कथेत इतक्यांदा यावा की तोच कथेचा दोरा व्हावा. मार्टिन बुबर आणि फ्रांझ रोझेनत्स्वाइग या ज्यू विचारवंतांनी १९२० च्या दशकात हिब्रू शास्त्राचं जर्मन भाषांतर हाती घेतलं तेव्हा याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. त्यांचा हट्ट असा की मूळ शब्द एक तर भाषांतरातही एकच. जर्मन त्यामुळे खडबडीत झाली, पण वीण दिसू लागली.

मला सगळ्यात झोंबणारा धागाशब्द २ शमुवेल ११ मधला वाटतो: ‘शालाख’, पाठवणं. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत दावीद राजा सेनापती यवाबाला पाठवतो आणि स्वतः यरुशलेमेत राहतो. गच्चीवरून बाई दिसते, तो चौकशीला पाठवतो. दूत पाठवून तिला आणवतो. ती निरोप पाठवते: मी गरोदर आहे. तो यवाबाला सांगून पाठवतो, उरीयाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्याकडे पाठव. यवाब पाठवतो. उरीया घरी जाऊन झोपत नाही, डाव फसतो, तेव्हा दावीद चिठ्ठी लिहून उरीयाच्याच हाती पाठवतो, आणि चिठ्ठीत उरीयाला मारायचा हुकूम. सगळी सत्ता या एका क्रियापदात आहे: राजा जागचा हलत नाही, माणसं हलवतो.

मग बारावा अध्याय उघडतो. पहिलंच क्रियापद तेच: परमेश्वरानं नाथान संदेष्ट्याला दाविदाकडे पाठवलं.

आणखी एक जोड कानाला लागते. उरीया मेल्यावर दावीद यवाबाला निरोप देतो की ही गोष्ट ‘तुझ्या दृष्टीनं वाईट’ वाटू देऊ नकोस. अध्यायाचं शेवटचं वाक्य: दाविदानं केलेली गोष्ट परमेश्वराच्या ‘दृष्टीनं वाईट’ ठरली. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘मनाला लावून घेऊ नकोस’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पसंत पडली नाही’ असं काही केलं की दोन वाक्यांमधला तट्ट ताणलेला दोरा तुटतो.

योसेफाची गोष्ट रंगात आली असताना मध्येच यहूदा आणि तामार कुठून आले?

हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे की मी आता हसत नाही. अध्याय ३७ मध्ये भाऊ योसेफाला विकतात. ३९ मध्ये योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आहे. मधला ३८ वा अध्याय भलत्याच गावी, भलत्याच भानगडीत: यहूदाची सून तामार दोनदा विधवा झालेली, सासरा तिसऱ्या मुलाशी तिचं लग्न लावायला टाळाटाळ करतो, ती बुरखा घेऊन रस्त्यात बसते, आणि तो तिला न ओळखता तिच्याकडे जातो. संपादकानं चुकून दुसरं पान लावलं असावं असं खुद्द अभ्यासकांनाही वाटत आलं आहे.

आता शब्द ऐका. ३७ मध्ये भावांनी बकरा मारला, योसेफाचा अंगरखा रक्तात बुडवला आणि बापाकडे धाडला. सोबत निरोप: ‘हाकेर ना’, ओळखा पाहू, हा तुमच्या मुलाचा अंगरखा आहे की नाही. बापानं ओळखला आणि फोडलेला हंबरडा थांबेना. विकायची कल्पना यहूदाची होती.

३८ मध्ये यहूदा त्या अनोळखी बाईला मोबदला म्हणून काय कबूल करतो? बकरीचं करडू. तोवर तारण म्हणून ती त्याची मुद्रा, मुद्रेचा दोरा आणि हातातली काठी ठेवून घेते. तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचं कळतं. हिला जाळा, म्हणतो. तिला बाहेर काढतात तेव्हा ती त्या तीन वस्तू पाठवते आणि तिच्या निरोपात तेच दोन शब्द येतात: ‘हाकेर ना’. ओळखा पाहू.

यहूदा ओळखतो. आणि म्हणतो, माझ्यापेक्षा ती न्यायी आहे.

हे आधुनिक प्राध्यापकांनी शोधलेलं नाही बरं का. ‘बेरेशीत रब्बा’ या उत्पत्तीवरच्या जुन्या मिद्राशात, म्हणजे भाष्यात, रब्बींनी (ज्यू धर्मपंडितांनी) हे स्पष्ट म्हटलं आहे: तू बापाला ‘हाकेर ना’ म्हणालास, आता तामार तुला ‘हाकेर ना’ म्हणेल. बकऱ्याचा माग आणखी मागे जातो. हाच बाप, याकोब, तरुणपणी भावाचे कपडे घालून आणि हातांवर करडांची कातडी बांधून आंधळ्या इसहाकापुढे उभा राहिला होता. कपडा आणि करडू वापरून त्यानं बापाला फसवलं, त्याच्या मुलांनी त्याला त्याच दोन वस्तूंनी फसवलं.

धागा पुढेही जातो. ४२ मध्ये भाऊ धान्यासाठी मिसरात येतात. योसेफ त्यांना ‘ओळखतो’, ते त्याला ‘ओळखत’ नाहीत. आणि ३८ मधला ‘तारण’ शब्द, एरावोन, ज्या धातूचा आहे त्याच धातूनं ४३ मध्ये यहूदा बापाला सांगतो, धाकट्या बन्यामिनाला मी ‘जामीन’ राहतो. पुढे खरोखरच त्याच्याऐवजी स्वतः गुलाम व्हायला तयार होतो. भावाला विकणारा माणूस भावासाठी स्वतःला गहाण टाकायला मधल्या कुठल्या पानावर शिकला? त्या घुसडलेल्या पानावर.

मराठीत आपण तारण आणि जामीन असे दोन सुटसुटीत शब्द वापरतो आणि हा दुवा हातातून जातो. इलाजही नाही.

कायॅझम हा शब्द फार ऐकू येतो. भानगड काय आहे?

ग्रीक ‘खी’ अक्षर फुलीसारखं असतं, त्यावरून नाव. मी त्याला ‘परतीची वाट’ म्हणतो: ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं उलट्या क्रमानं परत. सगळ्यात छोटा आणि निर्विवाद नमुना उत्पत्ती ९:६ मध्ये आहे. हिब्रूत सहा शब्द:

शोफेख – दाम – हाआदाम – बाआदाम – दामो – यिश्शाफेख.

सांडणारा, रक्त, माणसाचं. माणसाकडून, त्याचं रक्त, सांडलं जाईल. एक-दोन-तीन, तीन-दोन-एक. गुन्हा आणि शिक्षा एकमेकांसमोर आरशासारखे उभे. असं वाक्य एकदा ऐकलं की विसरता येत नाही.

मोठ्या मापात पाहायचं तर बाबेलची नऊ वचनं (उत्पत्ती ११). सुरुवातीला सगळ्या पृथ्वीची भाषा एक, शेवटी सगळ्या पृथ्वीच्या भाषेचा घोटाळा. माणसं म्हणतात ‘हावा निल्बेना’, चला, विटा पाडू. देव म्हणतो ‘हावा नेर्दा वेनाव्ला’, चला, खाली जाऊन घोटाळा करू. निल्बेनातली मूळ व्यंजनं ल-ब-न, नाव्लात ऐकू येणारी न-ब-ल. विटाच उलट्या लागल्या. आणि या सगळ्याच्या बरोबर मधोमध वाक्य आहे: परमेश्वर ते शहर आणि बुरूज बघायला खाली उतरला. आभाळाला टेकणार म्हणून बांधलेला बुरूज, आणि तो दिसायला देवाला खाली यावं लागतं. विनोद कळायला रचना कळावी लागते.

जलप्रलयाची गोष्ट मात्र मी जरा जपून सांगतो. तिथे दिवसांचे आकडे ७, ७, ४०, १५०, मग उलटे १५०, ४०, ७, ७ असे येतात आणि मध्यावर ‘देवानं नोहाची आठवण केली’ हे वाक्य. ऐकायला सुंदर. पण सुरुवातीचे दोन ७ हे वेगवेगळे आठवडे नाहीत: आधी ‘सात दिवसांनी पाऊस पाडीन’ अशी ताकीद आणि मग ‘सात दिवसांनी’ आलेला पूर, म्हणजे आठवडा एकच, उल्लेख दोन. शेवटचे दोन ७ मात्र खरोखरच दोन आठवडे आहेत, कबुतराच्या फेऱ्यांमधले. मध्याबद्दल मला शंका नाही, पाणी चढतं आणि त्या वाक्यानंतर उतरतं. आकड्यांचा आरसा थोडा पॉलिश केलेला वाटतो.

मग हे सगळे वाचणाऱ्याच्या मनाचे खेळ नाहीत कशावरून?

पुष्कळदा असतात. मी स्वतः एका स्तोत्राचा असा सुरेख आरसा काढला होता आणि आठवडाभर मिरवत होतो. मग लक्षात आलं की जुळत होते ते मी ओळींना दिलेले मथळे. ओळींमध्ये सामाईक शब्द एकही नव्हता. ‘संकट’ आणि ‘सुटका’ असे मथळे द्यायचं ठरवलं तर रेल्वेच्या वेळापत्रकातही परतीची वाट सापडेल.

तेव्हापासून माझी पहिली मागणी एकच: हिब्रू शब्द दाखवा. तोच धातू, तोच वाक्प्रयोग, शक्यतो जवळपास. ‘आणि’, ‘म्हणाला’, ‘गेला’ हे चालणार नाहीत, ते सगळीकडेच असतात. ‘हाकेर ना’ मात्र अख्ख्या उत्पत्तीच्या पुस्तकात या दोनच ठिकाणी आहे, तीही लागोपाठच्या अध्यायांत. त्याला योगायोग म्हणायला मला जड जातं. आणि दुसरं, रचना सापडल्यावर गोष्ट काही नवीन बोलली पाहिजे. नुसती जुळली म्हणून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही.

नायक परगावी जातो आणि विहिरीवर मुलगी भेटते. दर वेळी तेच?

रॉबर्ट आल्टर या अभ्यासकानं १९८० च्या सुमारास यावर मनापासून लिहिलं. ठरलेला प्रसंग असा: परका माणूस, विहीर, मुलगी, पाणी काढणं, मुलीचं घराकडे धावणं, जेवण, सोयरीक. ऐकणाऱ्याला साचा पाठ असतो, त्यामुळे त्याचं लक्ष ‘या खेपेला काय वेगळं’ इकडे.

इसहाकाच्या वेळी (उत्पत्ती २४) नवरा मुलगा हजरच नाही, चाकर गेला आहे. पाणी रिबका काढते, तेही दहा उंटांसाठी. म्हणजे या संसारात हालचाल कोण करणार ते तिथेच ठरलं. चाकर तिला नथ आणि कांकणं देतो आणि मग विचारतो, तू कुणाची? नंतर तिच्या घरी हकिगत सांगताना क्रम उलटा करतो: आधी कूळ विचारलं, मग नथ घातली. सोयरिकीला गेलेला कुठला शहाणा माणूस ‘आधी सोनं दिलं, मग चौकशी केली’ असं मुलीच्या भावासमोर म्हणेल?

याकोब येतो तो एकटा, रिकाम्या हातानं, आणि विहिरीच्या तोंडावर मोठी धोंड. ती तो स्वतः लोटतो. आधी बेथेलला दगड उशाशी घेऊन झोपलेला हा माणूस, पुढे मामा लाबान याच्याशी करार करताना दगडांची रास घालणार आहे. याला आयुष्यभर दगडच. मोशेची विहीर (निर्गम २) काही वचनांत उरकते: सात बहिणींना दांडगाई करणाऱ्या मेंढपाळांपासून सोडवतो आणि मग पाणी काढतो. सोडवणं आणि पाणी, पुढची चाळीस वर्षं तो तेच करणार आहे.

आणि शौल (१ शमुवेल ९). परगाव आहे, पाणी भरायला निघालेल्या मुली आहेत. श्रोते सरसावून बसतात. शौल विचारतो, द्रष्टा इथे आहे का? मुली एका दमात भलंमोठं उत्तर देतात, आणि तो निघून जातो. सोयरीक नाही, मुलींच्या घरचं जेवण नाही. या राजाचं काही जुळून येणार नाही हे तेव्हाच कळतं.

आपल्या कहाण्यांतल्या आवडती-नावडतीसारखं काही आहे का?

अगदी तोच शब्द आहे. उत्पत्ती २९ मध्ये लेआला ‘सेनुआ’ म्हटलंय, म्हणजे नावडती. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात तर आवडती-नावडतीच्या मुलांच्या वारशाचा कायदाच आहे. नावडतीची कूस उघडते, आवडती झुरते. हन्ना आणि पनिन्ना या सवतींमध्येही (१ शमुवेल १) मूल नसलेली आणि मुलांवरून टोचणारी, हीच जोडी, फक्त तिथे नवऱ्याची आवडती झुरते.

याकोबाच्या लग्नात मला मजा वाटते ती मामाच्या उत्तराची. (मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही, हे सुख.) सात वर्षं राबून राहेल मिळणार म्हणून रात्री बोहल्यावरून उतरला, सकाळी बघतो तो लेआ. जाब विचारल्यावर लाबान म्हणतो: आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची रीत नाही. थोरल्याच्या आधी धाकट्यानं आशीर्वाद लाटला होता तो अंधाऱ्या डोळ्यांच्या बापासमोर. इथे अंधाऱ्या रात्री त्याची परतफेड. याकोब यावर काही बोलत नाही. काय बोलणार?

पात्रांच्या मनात काय चाललंय ते सांगत का नाहीत?

सांगत नाहीत म्हणून तर वाचणारा अडकतो. एरिख आउअरबाख या जर्मन ज्यू विद्वानानं, नाझींमुळे देश सोडून इस्तंबूलला राहत असताना, होमरची उजळलेली, सगळं सांगून टाकणारी शैली आणि अब्राहामाच्या परीक्षेची (देव त्याला मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला सांगतो ती गोष्ट) काळोखी शैली शेजारी ठेवून दाखवली.

त्या उत्पत्ती २२ मध्ये तीन दिवसांचा प्रवास आहे आणि त्या तीन दिवसांतलं एक वाक्यही नाही. बाप सुरी आणि विस्तव घेतो, मुलाच्या खांद्यावर लाकडं देतो. ‘आणि ते दोघं बरोबर चालत गेले.’ मुलगा विचारतो, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठंय? देव बघेल, बाळ. पुन्हा तेच वाक्य: ‘आणि ते दोघं बरोबर चालत गेले.’ पहिल्या खेपेला एकाला ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला बहुधा दोघांना.

परतीला काय होतं ते नीट वाचा. अब्राहाम चाकरांकडे परत आला आणि ते ‘बरोबर’ बैरशेब्याला गेले. शब्द तोच आहे. ‘दोघं’ नाही. इसहाकाचं नाव नाही. यानंतर बापलेकांचं एकही संभाषण या पुस्तकात नाही.

आकड्यांना गुप्त अर्थ आहे का?

नाही. अक्षरं मोजून भविष्य काढणाऱ्यांकडे जाऊ नका. पण आकड्यांची लय आहे. उत्पत्तीचं पहिलं वचन सात शब्दांचं, दुसरं चौदा. आणि ‘तीनदा तसंच, चौथ्यांदा वेगळं’ हा ठेका तर फारच लाडका: रात्री देवाची हाक ऐकून लहान शमुवेल तीनदा उठून याजक एलीकडे धावतो, चौथ्या हाकेला देवाला उत्तर देतो. आपलं बळ कशात आहे याबद्दल शमशोन दलीलाला तीन थापा मारतो, आणि तिसऱ्या थापेत केसांचा उल्लेख येतोच, खरं गुपितही तिथेच आहे. माणूस खऱ्याच्या किती जवळ घसरत आलाय ते ऐकणाऱ्याला कळतं, त्याला कळत नाही.

एक लेखक की अनेक? रचना दिसली म्हणजे एकच लेखक सिद्ध झाला ना?

होत नाही. गंमत अशी की रचना शोधण्याची आणि अनेक लेखक शोधण्याची, अशा दोन्ही वाटा एकाच वर्षी, १७५३ मध्ये फुटल्या. रॉबर्ट लाउथची हिब्रू काव्यातल्या जोड-ओळींवरची व्याख्यानं त्या वर्षी छापली गेली, आणि झां आस्त्रूक या फ्रेंच वैद्यानं उत्पत्तीमागे वेगवेगळे जुने लेख असावेत अशी मांडणी निनावी छापली, ती त्याच वर्षी. नोहाच्या कथेत एकदा प्रत्येक जातीची एक जोडी आणि एकदा शुद्ध प्राण्यांच्या सात-सात, हे सांधे खरेच दिसतात. माझ्या मते गोधडी तुकड्यांची असते म्हणून तिला नक्षी नसते असं नाही. ज्यानं कुणी शेवटचे टाके घातले त्याचा हात कसबी होता, एवढंच मी छातीठोकपणे म्हणेन.

मराठी भाषांतरात यातलं किती उरतं?

अर्ध्याहून जास्त, जर भाषांतरकारानं शाळेत शिकवलेला ‘पुनरुक्ती टाळा’ हा नियम विसरला तर. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. साधी भाषा हवी हा त्यांचा आग्रह या कथांना मानवणारा आहे, कारण मूळ हिब्रूचा शब्दसंग्रहही मुद्दाम आटोपशीर आहे.

कधी मराठी अनपेक्षित देणगी देते. हिब्रूत माणूस ‘आदाम’ आणि माती ‘आदामा’. आपल्याकडे माणूस आणि माती निदान एका अक्षरानं सुरू होतात. इश-इश्शाला (पुरुष-स्त्री) नर-नारी फुकटात मिळतं. आणि माझा लाडका: उत्पत्ती २ च्या शेवटी दोघं ‘आरुम्मीम’, उघडी, आणि लगेच पुढच्या वाक्यात सर्प ‘आरूम’, धूर्त. मराठीत म्हणून बघा: दोघं नागडी होती, आणि तिथे एक नाग होता. मूळ श्लेष धूर्तपणावर आहे, आपला सापावर बसतो, पण कानाला बसणारा धक्का तोच.

मराठीत या कथा आपल्या पद्धतीनं कुणी सांगितल्या आहेत का?

गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, त्याचा पहिला भाग या जुन्या कथांचाच. आणि कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांची चक्क कीर्तनं केली. अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं, मराठीत, साकी-दिंडीसह. पालुपद परत परत येणं, ओळखीच्या कथेत कीर्तनकारानं एखादी जागा नव्यानं घेणं, याला सरावलेले हे कान होते. हिब्रू कथा त्यांच्याकडे जितक्या घरी आल्यासारख्या वाटल्या असतील तितक्या कुठल्या वर्गात वाटत नाहीत.

हिब्रू येत नाही. सुरुवात कुठून करू?

रूथ किंवा योना. प्रत्येकी चार अध्याय, एका बैठकीत होतात. मोठ्यानं वाचा. दुसऱ्यांदा वाचताना शिसपेन्सिल घ्या आणि परत आलेला शब्द अधोरेखित करा. मधले छापील मथळे झाकून टाका, ते प्रकाशकांचे आहेत. अध्यायांच्या आकड्यांवरही फार विसंबू नका. ते तेराव्या शतकात लॅटिन बायबलासाठी पडले, आणि कधीकधी भलत्याच जागी: सृष्टीचा सातवा दिवस दुसऱ्या अध्यायात ढकलला गेलाय, म्हणजे आठवडा सहा दिवसांचा करून ठेवला.

दोन भाषांतरं शेजारी ठेवली तर उत्तम. एकात जिथे शब्द बदललाय, तिथे दुसऱ्यात डोकावा.

योनाची गोष्ट अशी अर्धवट का संपते?

तिची वीण आधी बघा. देव म्हणतो ऊठ, निनवेला जा. योना उठतो आणि उलट्या दिशेला निघतो. याफोला ‘खाली’ उतरतो, जहाजात ‘खाली’ उतरतो, जहाजाच्या पोटात ‘खाली’ उतरतो, आणि माशाच्या पोटातल्या प्रार्थनेत स्वतःच म्हणतो, डोंगरांच्या मुळांपर्यंत मी ‘खाली’ उतरलो. एकच क्रियापद, याराद. पहिल्या अध्यायात परधर्मी खलाशी देवाचा धावा करतात, तिसऱ्यात परधर्मी निनवेकर. दुसऱ्यात योना प्रार्थना करतो वाचल्याबद्दल, चौथ्यात प्रार्थना करतो मरण यावं म्हणून, कारण देवानं निनवेला वाचवलं. नेमतो हे क्रियापदही मोजा: देव मासा नेमतो, वेल नेमतो, कीड नेमतो, वारा नेमतो. सगळी नेमलेली मंडळी ऐकतात. न ऐकणारा एकटा संदेष्टा.

तिसऱ्या अध्यायात निनवेचा राजा फर्मान काढतो की माणसांबरोबर गुराढोरांनीही उपास करावा आणि गोणपाट पांघरावं. लोक इथे हसतात, हसावंच. वाळलेल्या वेलीसाठी रुसून बसलेल्या योनाला देव शेवटी विचारतो: तुला त्या एका रात्रीत वाढलेल्या वेलीची कीव आली, मग मला या मोठ्या नगराची येऊ नये का, जिथे उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत?

योना काय म्हणाला ते लिहिलेलं नाही. प्रश्नातले, आणि पुस्तकातलेही, शेवटचे दोन शब्द आहेत ‘उबेहेमा रब्बा’. ‘आणि पुष्कळ गुरंढोरं’.